देवकापसाची नातवंडं

शहापूर,
२४ नोव्हेंबर २०२४

छायावहिनीस प्रेमाचा नमस्कार.

काल फोनवर आपलं जे झालं त्याला बोलणं म्हणता येणार नाही. तू रेंजसाठी मारुतीच्या पारावर उभी, मागून जयरामदादा ओरडतोय, "बिल वाढतंय, आटप" (आता तसं बिल वाढत नाही, हे त्याला किती वेळा सांगितलं), आणि मी "पिशव्या" म्हणते तोच पारावरच्या कुणीतरी विचारलं, "कसल्या पिशव्या, आमाला पण सांगा." म्हणून पत्र लिहिते. बोर्डिंगमध्ये दर रविवारी घरी पत्र लिहायची सिस्टरांची सक्ती होती. ती सवय साठी उलटली तरी गेलेली नाही. हेमंत भाजीचा टेम्पो घेऊन मंगळवारी आणि शुक्रवारी इकडे येतोच. त्याच्या हाती उत्तर दे.

वर्षाचं काम तुला नीट समजावून सांगते. माझ्या लेकीनं मला समजावलं तेव्हा मला दोनदा डुलकी लागली होती, तेव्हा तुला लागली तर रागावणार नाही. तुमच्या विहिरीवरचा देवकापूस आहे ना, आईनं लावलेला, त्याचा धागा लांब. वर्षानं त्याचं लग्न विदर्भातल्या एका आखूड, जाड्याभरड्या कापसाशी लावलं. त्या लग्नाची नातवंडं म्हणजे तुमच्या वरच्या माळावरची शंभरावर झाडं. नातवंडं म्हटली की कुणाला आजीचं नाक येतं, कुणाला आजोबांचं टक्कल. तसाच इथे कुणाचा धागा लांब, कुणाचा आखूड, कुणाचा मधलाच. सप्टेंबरात वर्षा येऊन प्रत्येक झाडाचं पान घेऊन गेली, त्यावरून त्या झाडाची जनुकं वाचून झाली आहेत. आता प्रत्येकाचा धागा मोजायचा, दोन्ही शेजारी ठेवायचं आणि बघायचं, की लांब धाग्याच्या झाडांत जनुकांचा कोणता तुकडा सारखा आहे. तो सापडला की लांबी कुठे राहते ते कळलं. याला ती नकाशा म्हणते. मग पुढे रोप बोटभर असतानाच पान बघून सांगता येईल, ह्याचा धागा लांब होणार की नाही.

वर्षाच्या विद्यापीठाकडे, विदर्भात, जिथे बघावं तिथे कापूस, आणि कापूस तिथे बोंडअळी. आपल्या मुरबाडकडे कापूस कुणी पेरत नाही म्हणून अळी नाही, फवारणी नाही. त्यासाठी तिनं मामाचा माळ निवडला. पण म्हणूनच तिच्याकडे दुसरं शेत नाही. तिची शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते आणि प्रबंध सगळा या वेचणीवर उभा आहे. तेव्हा एवढंच कर: झाडाला जो नंबर बांधलाय, त्याच नंबराच्या पिशवीत त्याचा कापूस.

आई मला बोर्डिंगमध्ये त्याच झाडाच्या वाती पाठवायची, घरचा देव म्हणून. तिथे आपला देव नव्हता. सिस्टर आग्नेस त्या वाती निलगिरीच्या तेलात बुडवून सर्दी झालेल्या मुलींच्या उशाशी ठेवायच्या. आईला मी हे कधी कळू दिलं नाही. तिला वाटायचं, मुलगी रोज दिवा लावते.

तुझी
प्रेमा


आंबेपाडा, ता. मुरबाड
८ डिसेंबर

प्रेमाताईंना छायाचा नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं नि एकदा ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "कापसाचं लग्न लावलं ते लावलं, वऱ्हाड माझ्या माळावर का उतरवलं? मी वाल पेरणार होतो." वालाचं रडगाणं पावसापर्यंत चालेल, तुमी मनावर घेऊ नका.

वेचणी सुरू केली. पहिल्या दिवशी झाडांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. हे म्हणाले, "अर्धाच फोड, अर्धा पुढच्या वेळेला होईल." अर्धा नारळ कसा फोडतात ते त्यांनाच माहीत.

मदतीला पाड्यावरची हौशी येते. तिचं तोंड तुमाला ठाऊक आहे. एका झाडापाशी उभी राहून म्हणते, "गो वयनी, ह्यो कापूस हाय का बोकडाची दाढी?" पुढच्या झाडाला म्हणाली, "ह्याला कोन नवरी देल?" खरं सांगायचं तर तिचं चुकत नाय. विहिरीवरच्या म्हातारीच्या, म्हणजे आपल्या देवकापसाच्या, घरात अशी नातवंडं निपजावीत ह्याची मलाच लाज वाटली. अकरा नंबरच्या झाडाला जेमतेम ओंजळभर, तेही राठ. त्याच्या शेजारचं बघावं तर पांढरंशुभ्र, फांद्या वाकल्यात.

हौशी विळा घेऊन तयार आहे. म्हणते, खराब आहेत ती उपटू म्हणजे चांगल्यांना जागा होईल. भात असतं तर मी तुमाला विचारलंही नसतं. भातात दुसऱ्या जातीचं रोप दिसलं की आमी उपटतोच, त्याशिवाय बियाणं होत नाय. तुमी हो म्हणा, लगेच सुरू करतो. वर्षाच्या मोठ्या साहेबासमोर आपलं घराणं जायचंय, त्यात असली पोरं कशाला?

छाया


शहापूर,
१० डिसेंबर

वहिनी,

हेमंत दारात टेम्पो चालू ठेवून उभा आहे, म्हणून उभ्या उभ्या लिहिते. विळा हौशीच्या हातातून काढून घे. एकही झाड उपटायचं नाही. वर्षाला फोन केला तर ती आधी किंचाळली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "आई, मामीला सांग, मला वाईट झाडं चांगल्यांइतकीच हवी आहेत." बुटकी माणसं नसतील तर उंची कशावरून आली ते कसं कळणार? ही शर्यत नाही, वहिनी. कुणाचा पहिला नंबर यायचा नाहीये. ओंजळभर तर ओंजळभर.

हेमंत हॉर्न वाजवतोय.

प्रेमा


आंबेपाडा,
१६ जानेवारी २०२५

प्रेमाताईंना नमस्कार आणि सगळ्यांना तिळगूळ.

वेचणी पुरी झाली. तुमी सांगितलं तसं एकही झाड उपटलं नाय. हौशी दोन दिवस रुसली होती, म्हणाली, "शेरातल्या लोकांना तन कुठला नि पीक कुठला ता पन कलत नाय." विळा मी माळ्यावर टाकलाय.

पिशव्या उद्या हेमंतबरोबर पाठवते. त्याला सांगितलंय, वर कोबी ठेवू नको. सगळ्या नंबरवारी बांधल्यात. एकसुद्धा पिशवी तुमच्या घरी हडकुळी येणार नाय, बघून तुमाला बरं वाटेल. मी नि हौशी दोन दुपारी ओटीवर बसून त्यातच होतो. हे येऊन बघून गेले, म्हणाले, "एवढा कापूस निघाला होता?" मी म्हटलं, "तुमाला काय कळतं त्यातलं."

वर्षाच्या साहेबाला सांगा, मामाकडचं आहे. माहेरचं नाव राहिलं पाहिजे.

तिळगुळाचा डबा कोपऱ्यात आहे, त्यातले वरचे लाडू माझे नि खालचे ह्यांनी वळलेले. खालचे बोराएवढे आहेत ते त्यामुळे.

छाया


शहापूर,
१९ जानेवारी

छायावहिनी,

पिशव्या पोचल्या. दिवाणखान्यात रांगेनं मांडल्या आणि मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. शाळेत सकाळच्या प्रार्थनेला आम्ही मुली अशाच उभ्या असायचो, एकाच घेराच्या फ्रॉकमध्ये, पट्टे आवळून. सिस्टर आग्नेसनी तुझं काम पाहिलं असतं तर तुला शिवणकामाचं बक्षीस दिलं असतं. मला त्यांनी कधी दिलं नाही, तो भाग निराळा.

अकरा नंबरचं झाड ओंजळभरच आहे म्हणाली होतीस ना? तेही छान भरलं की. थंडी मानवली असेल.

काल पार्सल गेलं. वर्षाला फोनवर सांगितलं, "मामीनं जे पाठवलंय ते बघून तुझे सर थक्क होतील." ती पोर किती दिवसांनी मोकळेपणानं हसली. काटेकोरपणा हा गुण आपल्या घरात तुझ्याकडूनच आला, वहिनी.

तुझी
प्रेमा


शहापूर,
२३ फेब्रुवारी

छायावहिनी,

सर थक्क झाले.

वर्षाचा काल दुपारी फोन आला. धागा मोजायच्या यंत्रानं सगळ्या झाडांची लांबी जवळजवळ सारखीच दाखवली. आणि फरकच नसेल तर नकाशा कशाचा काढायचा? सरांनी कागद बघून विचारलं, "ही नातवंडं आहेत की एका साच्यातल्या इडल्या?" वर्गातली बाकीची मुलं हसली, ती हसू शकली नाही.

मग तिनं उरलेल्या कापसातल्या सरक्या काढून बघितल्या. एका झाडाच्या सगळ्या सरक्या सारख्या असतात. टकल्या तर सगळ्या टकल्या, केसाळ तर सगळ्या केसाळ. तिच्या जवळजवळ प्रत्येक पिशवीत दोन्ही प्रकार निघाले. म्हणजे कापूस कुठेतरी एकमेकांत मिसळला.

माझा पहिला संशय उंदरांवर आहे. पण उंदीर एका पिशवीतून काढून दुसरीत भरेल आणि वर गाठ मारेल हे पटायला जरा जड जातं. दुसरा संशय हेमंतच्या टेम्पोवर. सरळगावच्या वळणावर तो कसा जातो ते मी पाहिलंय. तुला काही आठवतं का? कुणी पिशव्या उघडल्या होत्या का?

सर म्हणाले, एप्रिलअखेर खरे आकडे आणले तर ठीक, नाही तर दुसरा विषय घ्या. दुसरा विषय म्हणजे आजवरची सगळी वर्षं पाण्यात. काल ती म्हणाली, "आई, एका खत कंपनीत जागा आहे. दुकानं फिरायची, गाडी देतात." खत विकण्यात वाईट काही नाही. पण ही मुलगी सहा वर्षांची असताना माझी उशी फाडून त्यातली सरकी कुंडीत पेरून बसली होती. उगवली नाही तेव्हा कुंडीपाशी बसून जेवायची, तिला एकटं वाटू नये म्हणून. ती खत विकेल हे माझ्या डोळ्यांसमोर येत नाही.

प्रेमा


आंबेपाडा,
२७ फेब्रुवारी

प्रेमाताईंना नमस्कार.

पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा दुखतो. आंब्याला मोहर बरा आहे. पापडाचं पीठ आणलंय, हौशी उद्या येते म्हणाली पण येईल असं वाटत नाय.

उंदीर आमच्याकडे नायत. मांजर आहे.

हेमंत चांगला मुलगा आहे. त्याला काय बोलू नका.

वर्षाला म्हणावं वेळेवर जेव.

छाया


शहापूर,
२ मार्च

वहिनी,

तुझं पत्र पाऊण पानात संपलं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तुझ्याकडून नुसतं हळदीचं खोड आलं तरी त्याबरोबर तीन पानं यायची. पापडाचं पीठ किती, कुणाचं लाटण बरं, कोण आलं, कोण आलं नाही, हे सगळं कुठे गेलं? आणि मांजर आहे हे मला माहीत आहे, मीच दिलं होतं.

मी उंदरांना मोकळं सोडलं. हेमंतलाही. आता तुलाच विचारते, आणि रागावायचं ठरवून विचारत नाही. त्या ओटीवरच्या दोन दुपारी तू आणि हौशी काय करत होतात?

तुझी
प्रेमा


आंबेपाडा,
६ मार्च

प्रेमाताई,

वाटे लावत होतो.

तुमी लिहिलं होतं, ज्याचा कापूस त्याच्या पिशवीत. मी आधी तसाच भरला. मग ओटीवर पिशव्या मांडल्या तर बघवेना. एक टम्म फुगलेली, तिच्या शेजारी दुसरी, तळाशी चार बोंडं. हौशी म्हणाली, "वयनी, ही पोरगी उपाशी चालली गो सासरी." मी पंगतीत कधी एकाच्या पानात भात नि दुसऱ्याच्या पानात नुसतं मीठ असं वाढलेलं नाय. शेजारणीची वाटी रिकामी परत केली नाय, काय नसलं तर चिमूटभर साखर तरी घातली. आणि नणंदेच्या घरी मोकळी पिशवी पाठवू? तीही भाचीच्या कामाला?

म्हणून भरलेल्यातला काढून मोकळ्यांत घातला. तरी पुरेना, तेव्हा विहिरीवरच्या म्हातारीचा घातला. तिचा तर सगळ्यांत चांगला. मला वाटलं, साहेब बघेल नि म्हणेल, काय घराणं आहे.

उपटू नको म्हणालात, नाय उपटलं. वाढू नको असं कुठं लिहिलं होतंत? मी तुमचं प्रत्येक पत्र पुन्हा वाचलं. नाय लिहिलेलं.

दोन दिवस मला घास गेला नाय. वर्षाचं लहानपण आठवतं. मी दिलेला खाऊ ती सगळ्या पोरांत वाटायची नि स्वतःला विसरायची. तिला बिघडवायला मीच सापडले.

पण एक ऐका. ही झाडं तुमच्या विदर्भातल्या कापसासारखी एका सालात मरत नायत, म्हातारीवर गेलीत. पुन्हा बोंडं धरलीत. हौशी म्हणते, होळीनंतर फुटतील. फक्त ह्यांनी ठरवलंय की होळी झाली की सगळी तोडून राबाला टाकायची. भाताच्या रोपांची जागा भाजायला पालापाचोळा कमी पडतोय म्हणतात. कोयत्याला धार लावून आणलीय. त्यांचं काय करू ते सांगा.

छाया


शहापूर,
९ मार्च

माझी छायावहिनी,

पत्र वाचून मी आधी डोक्याला हात लावला आणि मग एकटीच इतकी हसले की शेजारच्या बाई विचारायला आल्या. तू कुठे चुकलीस? आम्ही दोघींनी तुला सगळं सांगितलं, फक्त तू कोण आहेस ते लक्षात ठेवलं नाही. तुझ्या घरून रिकाम्या हातानं कुणी गेलंय का कधी?

वर्षालाही सांगितलं. म्हणाली, "म्हणजे माझा प्रयोग बरोबर होता. फक्त मामीनं सगळ्यांना पोटभर जेवू घातलं." तिचा आवाज पुन्हा तिचा झाला होता. खत कंपनीला तिनं अजून नाही म्हटलेलं नाही, हेही सांगून ठेवते. रजा उरली नाही, म्हणून ती येऊ शकत नाही. सगळं तुझ्यावर आहे.

तेव्हा आता लिहून देते, म्हणजे पुन्हा पत्रं चाळायला नकोत: वाढायचं नाही. बदलायचं नाही. कुणाची दया करायची नाही. ज्याला चार बोंडं आली त्याची पिशवी चार बोंडांची. विहिरीवरच्या म्हातारीनं नातवंडांच्या वाट्याला जायचं नाही.

दादाचं काय करायचं ते मला माहीत नाही. तो माझा भाऊ आहे, पण चाळीस वर्षं सांभाळलायस तू.

तुझी
प्रेमा


आंबेपाडा,
१० एप्रिल

प्रेमाताईंना नमस्कार.

ह्या पत्राबरोबर पिशव्या आहेत. हडकुळ्या आहेत. तुमी सांगितलंत म्हणून पाठवते, नायतर माझ्या हातून असं व्हायचं नाय.

होळी झाली नि दुसऱ्याच दिवशी हे कोयता घेऊन निघाले. मी पोचेस्तोवर खालच्या बांधाची पाच-सहा झाडं आडवी झाली होती. मी आडवी उभी राहिले. म्हटलं, "वर्षाचं शिक्षण बुडेल." हे म्हणाले, "शिकली तेवढी पुष्कळ." म्हटलं, "प्रेमाताईंना काय तोंड दाखवू?" म्हणाले, "फोनवर तोंड दिसत नाय." मग मला सुचलं. म्हटलं, "आता तोडलीत तर खुरपणी, शेणखत, सगळं फुकट गेलं म्हणा."

फुकट म्हटल्यावर ह्यांचा हात वरच्या वर थांबला. कोयता खाली टेकवला. मग विचारलं, "मागच्या वेळेचं काय झालं?" मी खरं ते सांगितलं. तर काय म्हणाले माहीत आहे? "तुमी दोघी उधळ्या. ह्या वेळेला पिशव्या माझ्याजवळ राहतील."

तेव्हापासून हे रोज डोक्याला टॉवेल बांधून माळावर. बोंड तोडलं की आधी त्यांना दाखवायचं. "कुठलं?" "चौदाचं." "झाडापाशी चल, दाखव." मग स्वतः पिशवीचं तोंड उघडणार, बोंड टाकणार नि पुन्हा गाठ मारणार. वाऱ्यानं एक पुंजका उडून दोन झाडांच्या मध्ये पडला. हौशीनं उचलून हळूच मोकळ्या पिशवीकडे नेला तर ह्यांनी तिचं मनगट धरलं.

"कुणाचा हाय तो?"

"दादा, म्हाईत नाय. ह्याला दिला त काय बिगडतं? बगा ना कसा रोडावलाय."

"म्हाईत नसेल तर कुणाचाच नाय. टाक खाली."

"तुमचं कालीज दगडाचं हाय."

"दगडाचं हाय म्हणून भेसळ नाय."

प्रेमाताई, ह्याच माणसानं आपल्या लेकाच्या लग्नात बुंदीच्या परातीपाशी बसून वऱ्हाडाला पळीनं बुंदी वाढली होती. मी माहेरी तोंड लपवत फिरले. ज्या गुणाला जन्मभर रडले त्या गुणाला आता भरउन्हात ताक नेऊन देत होते. नि हा माणूस ताक पिताना पण एक डोळा पिशव्यांवर.

वालाचं नाव काढलं नाय महिनाभर.

मी कापसाला हात लावलेला नाय, शपथ. बाकी वर्षा बघेल.

छाया


शहापूर,
२५ मे

छायावहिनी,

आधी बातमी. नकाशा निघाला.

या वेळी यंत्रानं जे आकडे दिले ते सगळे वेगवेगळे. लांब, आखूड, मधले, जसे घरात असतात तसे. दादानं तोडलेल्या झाडांची जागा रिकामी राहिली, पण तेवढ्यानं काम अडलं नाही. पानांवरून वाचलेली जनुकं शेजारी ठेवली तर लांब धाग्याच्या झाडांत एक तुकडा पुन्हा पुन्हा येत होता. तो आईच्या देवकापसाकडून आलाय. आणि दुसरी गंमत, ज्याची कुणाला कल्पना नव्हती: धाग्याची मजबुती त्याच्याकडून आलेली नाही. ती आली जाड्याभरड्या आजोबांकडून. म्हणजे तो देवकापूस एकटाच शहाणा नव्हता. हे वाचून मला सासरच्या काही माणसांची आठवण झाली.

सरांनी आकडे बघितले, चष्मा पुसला, पुन्हा बघितले. मग विचारलं, "वेचणी कुणी करून घेतली?" वर्षा म्हणाली, "मामानं. तो फार चिक्कू आहे, सर." सर म्हणाले, "असा माणूस मला इथे एक मिळत नाही." दादाला हे जसंच्या तसं सांग.

आणि आता तुझं. काही पिशव्यांना बाहेरून बारीक पुरचुंड्या बांधलेल्या निघाल्या. प्रयोगशाळेतल्या लोकांना वाटलं, वेगळे नमुने आहेत, म्हणून त्यांनी त्यांनाही नंबर दिले. उघडल्या तर आत भाजलेले चिंचोके. ज्या पिशव्या सगळ्यांत रिकाम्या, नेमक्या त्यांनाच. वर्षा म्हणते, ती तिथल्या तिथे खुर्चीत बसून रडली, आणि बाकीच्यांनी चिंचोके खाऊन टाकले.

पुढच्या आठवड्यात प्रबंध द्यायचा आहे. खत कंपनीला तिनं कळवलं की जमणार नाही.

मोजून उरलेला कापूस तिनं परत पाठवलाय, दोन्ही वेचणींचा, पिशव्यांसकट. त्याचं काम आता संपलं. हेमंतबरोबर देते. तुला हवं ते कर.

तुझी
प्रेमा


आंबेपाडा,
३ जून

प्रेमाताईंना नमस्कार.

पत्र पारावर उभं राहून मोठ्यानं वाचलं, सगळ्यांनी ऐकलं. चिक्कू हा शब्द मी गाळणार होते, पण हेच म्हणाले, "वाच, वाच, साहेबानं काय म्हटलं ते वाच." मग पेढे आणायला गेले. मी म्हटलं पाव किलो आणतील. अर्धा किलो आणले नि हौशीच्या पाड्यावर स्वतः नेऊन दिले. दोन दिवस मला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटत होती.

कापूस मिळाला. हे लगेच ओटीवर बसले नि पिशव्या नंबरवारी लावायला घेतल्या. मी विचारलं, "आता कशाला?" म्हणाले, "एवढे दिवस सांभाळल्यात."

दुपारी हौशी आली. आमी दोघींनी सोप्यात जुनी सतरंजी अंथरली. मी पहिली पिशवी उचलली नि ह्यांच्याकडे बघितलं. हे उठून खांबाला टेकले. मग एकेक उलटी केली. लांब, आखूड, राठ, मऊ, सगळा एका ढिगात. हौशी हात घालून खालीवर करत होती, लाडवाचं पीठ कालवतात तसा. हे तिथून बघत होते. एक पुंजका सतरंजीच्या बाहेर पडला होता. ते वाकले, तो उचलला, इकडे तिकडे बघितलं नि ढिगात टाकला.

मग आमी तिघं जेवायला बसलो. भात मी वाढला.

छाया